एक्केचाळीस नंबरचा तवा

१२ जून १९८३
गेज चौकी, वैनगंगा काठ, ता. पवनी

भाऊ,

नमस्कार घ्या. घ्यायचा नसन तं सुलोचना वैनीजवळ द्या, ती सांभाळून ठेवन.

बारा वर्षांत हे माहं पहिलं पत्र. आई गेली तेव्हा तीन दिवस मोहाडीले होतो, पण तुमी एक शब्द बोलले नाही अन् मीही नाही बोललो. आता लिहाले बसलो तं पहिल्या चार ओळी शुद्ध भाषेत लिहिल्या. वाचून पाहिलं तं वाटलं, तहसीलदाराले अर्ज करून राहिलो. फाडून टाकल्या. आपण घरी बोलतो तसंच लिहितो, चुकीमाकीचं पाहून घ्या.

काम असं आहे का मले आपल्या पेटीतले गाण्याचे पाच तवे पाहिजे.

तुमी म्हणान, याले एवढ्या वर्षांनी तवे कायले आठवले. सांगतो. मागच्या सोमवारी पवनीच्या हापिसात पावसाळ्याच्या ड्युट्या वाटल्या. अवंदा ही नदीकाठची चौकी माह्या नावावर आली. टेकरावर एक खोली, समोर वैनगंगा अन् मागं नाला. जुलैत नदीचं पाणी नाल्यात उलटं चढलं का टेकराचं बेट होते. मंग सप्टेंबर सरेपर्यंत मी अन् पाण्याची पट्टी. सकाळी आठले वाचायची, संध्याकाळी सहाले वाचायची, वहीत आकडा लिहायचा. गोमाजी नावाचा ढिवर आठवड्यातून एकदा डोंग्यातून तांदूळ, तेल अन् टपाल आणून देते. पाणी ऐकलं तं.

तं ड्युट्या वाटून झाल्यावर चहा आला. आमचे नवे इंजिनिअर साहेब नागपूरचे, इंग्रजी मासिकं वाचतात. ते म्हणले, विलायतेत लोकं एक खेळ खेळतात. माणूस एकटाच बेटावर अडकला अन् संग पाचच एल.पी. न्याले भेटल्या, तं कोणत्या न्यायच्या? झालं, सगळ्यायले ऊत आला. बड्या बाबूनं पाचही सिनेमाच्या सांगितल्या. नकाशेवाल्यानं पाचही भजनाच्या, अन् तो रोज काय करते ते आमाले माहीत आहे. माही पाळी आली तं कृष्णराव चपराशी मधातच बोलला, "याले कायले विचारता साहेब, हा तं खरंच चालला!"

लई हासले. मी पण हासलो. पण भाऊ, आपल्या आनंदा साउंड सर्व्हिसच्या पेटीतले दोनशे तवे ज्यानं आठ वर्षं हातानं पुसले, त्याले पाच सांगता येईना. बड्या बाबूच्या समोर नाक कापल्यावाणी झालं.

मंग खोलीवर येऊन बसलो अन् विचार केला. माह्याजवळ एक बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेअर आहे, सुटकेससारखा. एक ओव्हरसियर बदली होऊन गेले, ते देऊन गेले. पण तवा एकही नाही. आपल्या बहिणीनं, रुखमिणीनं, दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं का तुमी आता लग्नाले टेप लावता अन् तव्याची पेटी माळ्यावर पडून आहे. पडूनच आहे तं पाच द्या. नंबर लिहितो.

तीन. सनईचा. सकाळी पट्टी वाचाले उतरताना पाहिजे.

नऊ. भजनाचा. तुमाले माहीत आहे काहून. त्या तव्यावर एक जागा घासलेली, सुई तिथं अडकते अन् देवाचं नाव चारदा येते. गिऱ्हाईकाच्या घरी आपण सुईच्या डोक्यावर चार आणे ठेवत होतो, म्हंजे वजनानं सुई पुढं सरके. घरी ठेवत नव्हतो. आईले वाटे गाणंच तसं आहे. दळताना चारदाच म्हणे.

बावीस. कव्वालीचा. त्यात लोकं टाळ्या वाजवतात, मधातच कोणीतरी "वाहवा" म्हणते. चार महिने माणसाचा आवाज भेटणार नाही, तेवढाच.

तीस. तो मद्रासी, जो नागपूरच्या पार्सलात चुकून आला होता. तुमी तो फेकू दिला नाही, पंगतीले ठेवला. म्हणले, पंगतीत कळणारं गाणं लावायचं नाही, लोकं जेवणं सोडून ऐकत बसतात अन् दुसरी पंगत उपाशी राहते. इथं मी एकटाच जेवणार, तरी तोच पाठवा. कळलं नाही म्हंजे लवकर विटत नाही.

पाचवा ठरला नाही. ठरला का लिहितो.

तुमच्या शकुनचं लग्न जमलं म्हणे, मार्गशीर्षातलं. मी आपलं सहज लिहिलं. पत्रिकेची तसदी घेऊ नका, टपाल इथं उशिरा येते.

तुमचा
जागेश्वर

३ जुलै १९८३

भाऊ,

कार्ड भेटलं. "पाच म्हणतो अन् चार लिहितो. पाचवा नंबर लिही, मंग पेटी बांधीन. यादोराव." तुमचं नाव धरून बारा शब्द झाले. वर्षाले एक. मोजून लिहिले का तसेच निघाले?

ख्यालीखुशालीचा एक शब्द नाही. मी कसा आहो, लग्न केलं का नाही, दात किती उरले, काहीच नाही. बरं, नाही तं नाही. मी आपलं सांगून देतो. लग्न नाही केलं. दात सगळे आहेत.

पाचवा चौदा लिहा. चौदा नंबर, वरातीच्या स्वागताचा. माह्या दारात कोणाची वरात येणार आहे म्हणून हासू नका. गोमाजीचा डोंगा आला का लावीन, त्याले बरं वाटन.

अन् चौदाचं नाव निघालंच आहे तं एकदा बोलून टाकतो, मनात ठेवून करू काय. एकाहत्तरच्या मे महिन्यात, आपल्या रुखमिणीच्या लग्नात, शहापूरची वरात दारात आली. मशीनवर मी होतो. वरात आली का चौदा लावायचा, पोरगी निघाली का एक्केचाळीस, बिदाईचा, हे काय मले शिकवाले पाहिजे होतं का? चौदाच्या कव्हरातला तवा मी काढला अन् सुई ठेवली. भोंगे दोन, एक आंब्यावर अन् एक शाळेच्या छपरावर. साऱ्या मोहाडीले बिदाई ऐकू गेली. नवरदेव घोड्यावरच. त्याचा मामा म्हणला, "आमी अजून पाय नाही धुतले अन् हे आमाले वाटे लावून राहिले!" त्याले पहिले अपशकून वाटला, मंग अपमान वाटला, मंग दोन्ही वाटलं. तुमी तासभर त्याच्या पाया पडले. वरात फिरली ती फिरलीच.

तुमी धावत मशीनजवळ आले अन् माह्या कानाखाली वाजवली. मी म्हणलं, कव्हर बदललं होतं, चौदाच्या कव्हरात एक्केचाळीस होता. पेटी रात्री तुमी भरली होती, मी नाही. तुमी साऱ्यायसमोर म्हणले, "आजपासून माह्या मशीनले हात लावायचा नाही." नाही लावला. दोन महिन्यांनी घरही सोडलं. अजून काय पाहिजे?

कव्हर बदललं होतं. तेव्हाही हेच म्हणलं, आताही हेच लिहितो. पेटी पाठवा.

जागेश्वर

ता. क. पत्रात थोडं जास्त झालं असन. धानाचे रोवणे सुरू असतील, तुमची कंबर कशी आहे ते वैनीले लिहाले सांगा.

२४ जुलै १९८३

भाऊ,

टेकराचं बेट झालं. मागच्या मंगळवारी सकाळी उठून पाहतो तं नाल्यावरचा रस्ता नाही. पळसाची झाडं कमरेएवढ्या पाण्यात उभी. दोन साप अन् एक कोणाची तरी बकरी पाहुणे आले आहेत. साप गेले, बकरी आहे. तिले मी बाबूसाहेब म्हणतो, कागद दिसला का खाते.

तुमचं दुसरं कार्ड गोमाजीनं डोक्याच्या फडक्यात बांधून आणलं. "चौदा तुले खरंच पाहिजे का? विचार करून लिही." बस. खाली यादोराव.

याच्यावर मले पहिले राग आला. म्हणलं, पाच तवे मागतले, किडनी नाही मागतली. द्यायचे असन तं द्या, नाही तं नाही म्हणा, हे शाळेतल्यासारखं पुन्हा पुन्हा कायले विचारता? गोमाजीसमोरच बडबडलो. तो बिचारा म्हणला, "जी, मी फक्त आणून देतो."

मंग तो गेला अन् मी एकटाच राहिलो. इथं एकटं राहणं म्हंजे काय ते हापिसात चहा पेताना नाही कळत, भाऊ. विलायतेवाले चुकतात. पाच तवे कोणते हे विचारणं सोपं आहे. माणूस अडकला का त्याले गाणं पहिले आठवत नाही, ते कुठं वाजलं होतं ते आठवते. तीन म्हणलं का आंब्याखालची आपली खाट. नऊ म्हणलं का आईचं जातं. चौदा म्हणलं का मले काहीच आठवत नाही. चौदा त्या दिवशी वाजलाच नव्हता. मी तो कायले मागतला?

तं चौदा खोडा.

आता एक गोष्ट लिहितो, तुमाले नवी नाही. रुखमिणीच्या लग्नानंतर दोन मोसम आपल्याले लग्नाची कामं भेटली नाही. मी तेव्हा गोंदियाकडं पाटाच्या कामावर होतो. गोपीचंद मंडपवाला तिथं भेटला. त्यानं सांगितलं का बाजारात लोकं तुमाले थांबवून विचारतात, "काय जी यादोराव, तुमच्याकडं पहिले बिदाई का पहिले वरात?" अन् तुमी मान खाली घालून भाजी घेता. म्हणे, तुमी स्वतःच सांगता, पेटी मीच भरली होती, चूक माहीच. गोपीचंद हासून सांगत होता. मी पण हासलो त्याच्यासंग. 

नंबराची तुमची रीत मले आजही पाठ आहे. तव्याच्या लेबलावर पांढऱ्या रंगानं नंबर, कव्हरावर तोच नंबर. अन् लावताना दोनदा वाचायचा. कव्हरावर एकदा, तव्यावर एकदा, मंगच सुई. आठ वर्षं तुमी मले हेच शिकवलं. इथं पट्टीही मी दोनदाच वाचतो. इंजिनिअर साहेब म्हणतात, तुहे आकडे कधी चुकत नाही.

हे पत्र इथंच थांबवतो.

जागेश्वर

१४ ऑगस्ट १९८३

भाऊ,

हे पत्र मी गोमाजीले दोनदा दिलं अन् दोनदा परत मागतलं. दुसऱ्यांदा तं तो डोंगा ढकलून पाण्यात गेला होता, मी काठावरून ओरडून बोलावला. तो म्हणला, "जी, हे पत्र जाते का फिराले येते?" आता तिसऱ्यांदा लिहिलं. पहिलं बाबूसाहेबानं खाल्लं. बकरीनं.

पाचवा नंबर एक्केचाळीस.

कव्हर बदललं नव्हतं. चौदाच्या कव्हरात चौदाच होता. तुमी पेटी बरोबर भरली होती. मी चौदा काढला, दोनदा वाचला अन् बाजूले ठेवला. मंग एक्केचाळीसचं कव्हर काढलं. कव्हरावर वाचला, तव्यावर वाचला. अन् सुई ठेवली.

काहून ते आता सांगतो. लग्नाच्या तीन दिवस पहिले रुखमिणी विहिरीवर भेटली. म्हणली, "जागेश्वर, मले तिथं नाही जायचं. भाऊले सांग." मी विचारलं काहून, तं म्हणली, काहून ते मले सांगता येत नाही, पण नाही जायचं. सतरा वर्षांची होती. एवढंच म्हणली, अन् बादली उचलून गेली. मी तिले म्हणलं, सांगतो. वचन दिलं.

पहिल्या दिवशी तुमी मंडपाचे बांबू उतरवून राहिले होते. मी मागं दोरी धरून उभा राहिलो अन् परत आलो. दुसऱ्या दिवशी तुमी शहापूरवाल्यायची सोय पाहाले शाळेत गेले. मी शाळेपर्यंत आलो. तुमी विचारलं, "काय बे?" मी म्हणलं, "काही नाही, भोंगा पाहाले आलो." तिसऱ्या दिवशी हळद होती. सांगाले तोंड उघडलं अन् तुमी माह्या तोंडात पेढा घातला. तुमाले मी घाबरत होतो असं नाही. तुमी शहापूरवाल्यायले जबान दिली होती, अन् तुमची जबान मी मोडू कशी, हे मले कळत नव्हतं.

मंग वरात आली. रुखमिणी आतून दाराच्या फटीतून माह्याकडं पाहून राहिली होती. तिले वाटत होतं मी सांगितलं असन अन् तुमी नाही म्हणलं असन. मशीन चालवणं सोडून मले दुसरं काही येत नव्हतं, भाऊ. मले वाटलं, चुकीचा तवा लागला का तुमी धावत माह्यावर येसान. तुमी नेहमी तसेच यायचे, वरात असो का मंत्री असो. तुमी आले का तिथंच तुमच्या कानात सांगून टाकीन. देवाशपथ, एवढंच होतं मनात. लग्न मोडायचं नव्हतं. पण मधात तो मामा तुमाले आडवा आला.

तुमी आले तेव्हा वरात फिरली होती अन् तुमचा हात चालला. अन् माह्या तोंडातून निघालं, कव्हर बदललं होतं. मलेही माहीत नव्हतं का मी असं बोलीन. एकदा बोललो अन् मंग बारा वर्षं तेच बोललो. मार खाल्ल्याचा राग मी धरून बसलो, अन् बाजारातली मान तुमची खाली गेली.

रुखमिणीले विचारूनच लिहून राहिलो. तिले मी जुलैत पत्र टाकलं होतं, सांगू का म्हणून. तिचं उत्तर आलं, "सांग. मीच सांगाले पाहिजे होतं. तुमसरले मी मास्तरीण झाली, मनाचा नवरा भेटला, दोन पोरं झाली, अन् तुमी दोघं भाऊ माह्यापायी म्हातारे होऊन राहिले." पुढं तिनं अजून बरंच लिहिलं आहे, ते शिव्यायचं आहे, ते लिहीत नाही.

आता खरं ते सांगतो. मले तवे नव्हते पाहिजे. पाहिजे होते, पण त्याच्याहून जास्त मले शकुनच्या लग्नात मशीनवर बसाचं आहे. तिले मी खांद्यावर बसवून मंडईत नेली आहे, तिच्या लग्नात पाहुण्यासारखा पंगतीत बसून मद्रासी गाणं ऐकणं मले नाही जमणार. नाही म्हणायचं असन तं नाही म्हणा. आता मी कव्हराचं नाव घेणार नाही.

चुकलो भाऊ. लई चुकलो.

जागेश्वर

११ सप्टेंबर १९८३
मोहाडी

जागेश्वर,

तुहं पत्र ओलं होऊन आलं, पण वाचता आलं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मले तुह्यासारखं लांब लिहिता येत नाही, तरी पाहतो.

तुले वाटते, मले आत्ता कळलं?

अरे येड्या, रात्री पेटी भरली तेव्हा एकेक कव्हर मी उघडून पाहिलं होतं. बहिणीचं लग्न होतं. सकाळी पुन्हा पाहिलं. चौदात चौदा होता. वरात गेल्यावर मी तुले मारलं, अन् मंग सगळे रडून राहिले होते तेव्हा एकटाच मशीनजवळ गेलो. चौदा बाजूले काढून ठेवला होता, कव्हरावर, नीट, धूळ लागू नये म्हणून. चुकीनं लावणारा माणूस असा ठेवत नाही. मले तिथंच समजलं, तू जाणून लावला.

मंग विचार केला, काहून लावला? तू येडा नाही अन् हलकट तं नाहीच. म्हंजे रुखमिणीचं काहीतरी असन. काय ते मले माहीत नव्हतं. पण मी जर गावात म्हणलं असतं का जागेश्वरनं जाणून लावला, तं लोकायनं विचारलं असतं काहून. अन् मंग त्याईचं बोट फिरत फिरत पोरीवर आलं असतं. तिचं पुन्हा जमलं नसतं. म्हणून मी म्हणलं, पेटी मी भरली, चूक माही. लोकं हासले. हासू दे. भोंगेवाल्याले लोकायचा आवाज सहन होते.

लग्न मोडल्याचा राग मले दोन वर्षं होता. रुखमिणीले तिच्या मास्तर नवऱ्यासंग बोलताना पाहिलं अन् तो गेला. पण तू मले सांगितलं नाही, हा राग नाही गेला. मी काय वाघ होतो का रे? लहानपणी तुहं नाक मी पुसलं, अन् तुले माह्या कानात चार शब्द बोलाले भोंगा लागला? बारा वर्षं वाट पाहिली का हा एकदा तरी म्हणन, कव्हर नव्हतं बदललं. म्हणून तुले पाचवा नंबर विचारत होतो. चौदा लिहिला तेव्हा तं वाटलं, पेटीच नदीत टाकावी.

अन् एक माहंही लिहितो. ते तीन दिवस तू माह्या मागं फिरत होता, हे मी पाहिलं होतं. दोरी धरून उभा होता तेही पाहिलं. काहीतरी सांगाचं आहे हे मले कळत होतं. मी थांबून विचारलं नाही. कामात होतो म्हणतो मी, पण खरं म्हंजे मले ऐकाचं नव्हतं. जबान देऊन बसलो होतो. अन् पेढा मी त्याच्यासाठीच तोंडात घातला. ही चूक माही आहे अन् मोठा मी आहो.

पेटी एस.टी.नं पवनीले पाठवून राहिलो, पुढं गोमाजी आणन, युरियाच्या पोत्यात शिवली आहे, भिजायची नाही. तीन, नऊ, बावीस, तीस. तीस देताना तुही वैनी भांडली, तिले सवय झाली आहे त्याची. नऊसंग चार आणे ठेवले नाही. सुई अडकू दे. आई म्हणे तसंच ऐक.

चौदा पाठवत नाही, एक्केचाळीसही पाठवत नाही. ते दोन इथं लागतात. टेप आणू म्हणत होता शकुनचा सासरा, मी म्हणलं, माह्या पोरीच्या लग्नात तवेच वाजतील अन् वाजवणारा घरचा आहे.

शकुनले मी विचारलं, तुले हे लग्न पसंत आहे का. हो म्हणली. दुसऱ्या दिवशी विचारलं, हो म्हणली. तिसऱ्या दिवशी विचारलं तं चिडली, म्हणली, बाबा तुमचं डोकसं फिरलं का. मंग बरं वाटलं.

पाणी उतरलं का साहेबाजवळून सुट्टी घेऊन येजो. मशीन उतरवून पुसून ठेवतो. वरात आली का चौदा, पोरगी निघाली का एक्केचाळीस. त्या वेळी मी तुह्या बाजूले खुर्ची टाकून बसणार आहो, काही सांगाचं असन तं तिथंच सांगजो.

अन् नंबर दोनदा वाचजो.

यादोराव